राजारामपुरीतील दोन दिवसांचा भूकंपवर्ग : एक अभिप्राय

कोयनेला मोठा धक्का बसला की तो कोल्हापुरातही जाणवतो आणि मग दिवसभर सगळीकडे एकच चौकशी चालते, की किती रिश्टरचा होता. या आकड्यापलीकडे भूकंपलेखक यंत्रांच्या नोंदींतून आणखी काय काढता येते हे समजून घेण्यासाठी, राजारामपुरीतील एका खासगी संस्थेने शनिवार-रविवारी घेतलेल्या अभ्यासवर्गाला मी गेले होते. शुल्क चहा-नाश्त्यासह १,२०० रुपये होते.

शनिवारी सकाळी शिक्षकांनी टेबलावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर वीट ठेवली आणि तिला बांधलेले रबर सावकाश ओढायला सुरुवात केली. रबर ताणत गेले तरी वीट ढिम्म हलेना, आणि मग एकदम दोन बोटे पुढे सरकून ती पुन्हा थांबली. खरा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतली सरकणारी भेग, मात्र असा एकसंध सरकत नाही, हे त्यांनी लगेच सांगितले. महाद्वार रोडवरचा कापडवाला कात्रीने छोटी चीर देऊन तागा टर्रकन फाडतो, तसा खडक एका ठिकाणी सुटतो आणि ती फाट सेकंदाला साधारण दोन ते तीन किलोमीटर वेगाने पुढे धावते. २००४ च्या सुमात्रा भूकंपात ती सुमारे १,३०० किलोमीटर धावली आणि त्याला आठ ते दहा मिनिटे लागली. नकाशावरचा केंद्रबिंदू म्हणजे केवळ ती पहिली चीर, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

दुपारचे सत्र गणिताचे होते. प्रस्तरभंगाच्या पृष्ठावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकट एक मीटर सरकली तर दूरच्या भूकंपमापन केंद्रावर कशी लहर उमटेल हे भूगर्भाच्या रचनेवरून आधी काढून ठेवायचे, आणि मग प्रत्यक्ष नोंदीशी बेरीज जुळावी म्हणून कोणती चौकट केव्हा आणि किती सरकली असेल ते उलट शोधायचे. मांडणी सुबोध होती. छापील टिपणे मात्र यंत्राकडून भाषांतरित करून घेतलेली दिसत होती, कारण त्यांत ‘स्लिप’चे, म्हणजे सरकण्याचे, भाषांतर चक्क ‘चिठ्ठी’ असे झाले होते, आणि ‘चौकटीवरील चिठ्ठीचे वितरण’ वाचून अर्धा वर्ग बुचकळ्यात पडला.

वर्गाची खरी किंमत रविवारी वसूल झाली. तिघांत एक लॅपटॉप होता, ही गैरसोयच. पण शिक्षकांनी उत्तर लपवून तयार केलेल्या नोंदींवर आमच्या गटाला एकच मोठा, उथळ सरकलेला भाग सापडला, शेजारच्या गटाला दोन वेगळे भाग सापडले, आणि दोन्ही चित्रे नोंदींशी जवळपास सारखीच जुळली. फरक होता तो शेजारशेजारच्या चौकटींची सरक एकमेकींशी मिळतीजुळती ठेवण्याच्या अटीला कोणी किती वजन दिले, एवढाच. जमीन किती सरकली याची जीपीएसची मापे घातल्यावर उथळ भागाबद्दलचा वाद बराच मिटला, खोल भागाबद्दलचा मिटला नाही. कोणता भाग किती सरकला हे दाखवणारी, मासिकांत छापून येणारी ती लाल-पिवळी चित्रे यापुढे मी जपूनच पाहीन.

निराशा झाली ती कोयनेबाबत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. ‘मग कोयनेचे असे चित्र का नाही?’ हा एका वयस्कर गृहस्थांचा प्रश्न दोन दिवसांतला सर्वांत चांगला प्रश्न होता आणि तो घाईत उरकला गेला. धरणातील त्वरणलेखकाने, म्हणजे हादऱ्याचा जोर मोजणाऱ्या यंत्राने, तेव्हा गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतका धक्का नोंदवला आणि धरण-अभियंते ती नोंद आजही वापरतात. पण इतक्या जवळची ती एकटी नोंद चौकटीगणिक हिशेब मांडायला पुरत नाही, इतके सांगायला पाच मिनिटे पुरली असती. कोयना परिसरातील गोठणे येथील तीन किलोमीटर खोल विंधनविवराचा तर उल्लेखही झाला नाही. तिथे वरचा बेसॉल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला आहे, आणि लहर कोणत्या खडकातून किती वेगाने येते हे ठाऊक असल्याखेरीज शनिवारचे सगळे गणित अडते.

शनिवारचे सत्र दहावीच्या मुलालाही झेपेल. रविवारसाठी बारावीची मॅट्रिक्स आठवत असावी आणि शक्यतो लॅपटॉप स्वतःचाच न्यावा. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.