नाकावरचे ठिपके आणि २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड : आठ महिन्यांचा अनुभव

कोथरूडहून हडपसरला रोज दुचाकीने, तोंडाला स्कार्फ गुंडाळून आणि त्यावर हेल्मेट चढवून जाताना नाकावरचे काळपट ठिपके रस्त्याच्या धुळीचेच असणार, असे मी कितीतरी वर्षे धरून चालले होते. उपायही तसेच झाले : घरी डाळीचे पीठ चोळणे, नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या आणि दर महिन्याला पार्लरमध्ये वाफ घेऊन ठिपके दाबून काढणे. अशाच एका खेपेला इतका जोर लावला गेला की नाकपुडीच्या कडेला पडलेला डाग जायला तीन महिने लागले.

त्या डागासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा कळले की यातले बहुतेक ठिपके ब्लॅकहेड्स नव्हतेच. रंध्राच्या आत सीबम (त्वचेचे नैसर्गिक तेल) आणि मृत पेशी यांचा जो बारीक धागा नैसर्गिकरीत्या असतो, त्याला सेबेशियस फिलामेंट म्हणतात. तो सपाट, राखाडी दिसतो आणि काढून टाकला तरी साधारण महिन्याभरात पुन्हा भरतो. खऱ्या ब्लॅकहेडमध्ये रंध्राचे तोंड बुचासारखे बंद झालेले असते, आणि त्याचा काळा रंग मळाचा नसून मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संयोग झालेल्या तेलाचा असतो. माझ्या नाकावर असे खरे बूच जेमतेम चार-पाच होते.

सॅलिसिलिक ॲसिड तेलात मिसळते, त्यामुळे ते रंध्राच्या आत पोहोचून चिकटलेल्या पेशी सैल करते. नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून दोन रात्री लावायला सुरुवात केली. दुसऱ्याच आठवड्यात नाकाची साले निघू लागली, पण त्यात दोष औषधाचा कमी आणि सवयीने सोबत चालू ठेवलेल्या स्क्रबचा जास्त होता. स्क्रब बंद केला, वर साधे मॉइश्चरायझर लावू लागले आणि जानेवारीत एक दिवसाआड लावण्यापर्यंत आले. पहिला महिना काहीच फरक नव्हता. आठव्या आठवड्याच्या सुमारास बोट फिरवताना लागणारा खरखरीतपणा गेला आणि ठिपके फिके पडले. नाहीसे मात्र झाले नाहीत, आणि रंध्रेही लहान झाली नाहीत.

एप्रिलच्या उन्हात दुपारी बारालाच नाक पूर्वीसारखे चकाकू लागले, तेव्हा थोडी निराशा झाली. हे औषध साचलेले मोकळे करते, तेल तयार होणे फारसे थांबवत नाही. मे महिन्यात बाटली संपली आणि आळसाने पाच आठवडे आणली नाही, तर जूनच्या मध्यापर्यंत ठिपके जवळजवळ पूर्ववत झाले.

आता ते पुन्हा चालू आहे. केवळ नाकापुरती वापरल्यास ३० मिलीची बाटली तीन महिन्यांहून अधिक पुरते. दिवसा सनस्क्रीन लागतेच. मला जेलचे मानवले, क्रीमचे चिकट वाटले. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये.