एडब्ल्यूएस शिकायचंय? पुस्तक घेण्याआधी एस-थ्रीचं प्रकरण उघडा

एडब्ल्यूएसवरचं, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउड सेवांवरचं, कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी एस-थ्रीचं, म्हणजे फाइल साठवायच्या सेवेचं, प्रकरण उघडते. स्टॅटिक वेबसाइट कशी चढवायची, हे त्यात बहुतेक वेळा असतंच. तिथे फाइलला ‘पब्लिक-रीड’ एसीएल (कुणालाही वाचू देणारी परवानगी) द्यायला सांगितलं असेल, तर ते पुस्तक मी परत जागेवर ठेवते. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटमध्ये (एस-थ्रीत फाइली ठेवायचा डबा) एसीएल बंद असतात आणि सार्वजनिक वापर अडवणारं सेटिंग आधीपासूनच चालू असतं. पुस्तकातली कमांड जशीच्या तशी चालवली की बकेट एसीएल घेत नाही अशी एरर येते. नवशिक्या मग रात्रभर स्वतःची चूक शोधत बसतो. चूक त्याची नसतेच.

दुसरी खूणही याच प्रकरणात सापडते. फाइल बदलल्यावर थोडा वेळ जुनी प्रत दिसू शकते, असं लिहिलं असेल तर तो मजकूर डिसेंबर २०२० च्या आधीचा समजा. तेव्हापासून एस-थ्रीमध्ये लिहिलेलं लगेच वाचता येतं. एस-थ्री २००६ साली सुरू झालं, त्यामुळे एवढ्या वर्षांची शिळी माहिती पुस्तकांत, व्हिडिओंत आणि सराव-प्रश्नांत भरपूर साचली आहे.

मी कोल्हापुरात लिनक्स सर्व्हर सांभाळत आले आणि आता आमच्या छोट्या टीममध्ये येणाऱ्या नव्या मुलांना हे काम शिकवते. “मॅडम, एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं?” असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: विटिग बंधूंचं ‘अमेझॉन वेब सर्व्हिसेस इन अ‍ॅक्शन’, मॅनिंग प्रकाशन, २०२३ ची तिसरी आवृत्ती.

हे पुस्तक मला का आवडतं ते सांगते. सुरुवातीलाच क्लाउडफॉर्मेशनच्या टेम्पलेटवरून (काय काय उभं करायचं ते लिहिलेली फाइल) वर्डप्रेसची साइट उभी करायला लावतं, काय काय तयार झालं ते दाखवतं आणि मग ते सगळं पाडायला लावतं. प्रयोग झाला की आवराआवर कशी करायची, हे ते पुढेही सांगत राहतं. बाकीची बरीच पुस्तकं उभारायला शिकवतात आणि पुढच्या विषयाकडे निघून जातात. पण खिशाला चाट तिथेच बसते. खासगी नेटवर्कमधल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणाऱ्या नॅट गेटवेचंच घ्या. एडब्ल्यूएसच्या नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये (अमेरिकेतल्या डेटा सेंटरांचा विभाग) त्याचा दर तासाला ०.०४५ डॉलर आहे, म्हणजे महिन्याला साधारण ३२ डॉलर, डेटाचे पैसे वेगळे आणि भारतातल्या खात्याला वर १८ टक्के जीएसटी. ईसी-टू (भाड्याचा सर्व्हर) बंद केलं म्हणून हे बिल थांबत नाही. गेटवे डिलीट करायचा, त्याची स्थिती ‘डिलीटेड’ होईपर्यंत थांबायचं, आणि मग त्याला जोडलेला इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) हातानं सोडून द्यायचा. तो तसाच राहिला तर त्याचंही बिल चालू राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात. सगळं एकाच टेम्पलेटमधून उभं केलं असेल तर स्टॅक (त्या टेम्पलेटमधून उभं राहिलेलं सगळं) डिलीट केला की बहुतेक गोष्टी आपोआप जातात. फक्त बकेट आधी रिकामी करावी लागते, नाहीतर स्टॅक मध्येच अडकतो.

या पुस्तकातलं माझं सर्वांत लाडकं उदाहरण एसक्यूएसच्या, म्हणजे निरोप साठवणाऱ्या सेवेच्या, रांगेचं आहे. वेब पत्ता दिला की तो निरोप होऊन रांगेत जातो, मागे चालणारा प्रोग्रॅम तो उचलतो, त्या पानाचं चित्र काढतो आणि एस-थ्रीत ठेवतो. मी मुलांना मागचा प्रोग्रॅम मुद्दाम बंद करायला लावते आणि पाच-सहा पत्ते पाठवायला सांगते. काहीच घडत नाही. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला की एकामागून एक चित्रं यायला लागतात. मग कोडमधली निरोप डिलीट करणारी ओळ काढायला सांगते. ठरलेली वेळ संपली की तोच निरोप परत येतो आणि तेच चित्र पुन्हा निघतं. काम झाल्यावर निरोप आपणच पुसायचा असतो, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

पुस्तकात उणिवाही आहेत. बरीचशी उदाहरणं नोड-जेएसमध्ये आहेत, त्यामुळे पीएचपी किंवा पायथनवाल्यांना सुरुवातीला जरा जड जातं. फ्री टियरबद्दलचा (फुकट वापराच्या सवलतीबद्दलचा) मजकूर तर आता धरूच नका. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्याला बारा महिन्यांची जुनी सवलत मिळत नाही. खातं उघडताना १०० डॉलरचं क्रेडिट, ठरावीक कामं केली तर आणखी १०० पर्यंत, आणि फ्री प्लॅन सहा महिन्यांत किंवा क्रेडिट संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, बंद. म्हणून पुस्तक आणा, चार प्रकरणं वाचा आणि मगच खातं उघडा. पहिल्या दिवशी रूट युजरला (खात्याचं मुख्य लॉगिन) एमएफए, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरी ओळख-तपासणी, लावा आणि बजेटचा अलर्ट ठेवा. पुस्तकातली उदाहरणं नॉर्थ व्हर्जिनियाची आहेत. सरावाला तोच रीजन ठेवा, मुंबईत अर्धं आणि तिकडे अर्धं करू नका. कन्सोलच्या बहुतेक पानांवर एका वेळी एकाच रीजनमधलं दिसतं, दुसरीकडे चालू राहिलेलं लक्षातच येत नाही.

पुस्तकाच्या जोडीला एडब्ल्यूएसचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन हवंच. ते फुकट आहे, पीडीएफमध्येही मिळतं, आणि बटणं कुठे आहेत हे विचारायची जागा तीच. बहुतेक गाइडमध्ये ‘डॉक्युमेंट हिस्टरी’ नावाचं पान असतं, ते कुणी उघडत नाही. मी मुलांना तेच आधी वाचायला लावते. पुस्तक छापल्यानंतर काय बदललं, ते तारखेसकट एका जागी मिळतं. मात्र डॉक्युमेंटेशन सलग वाचून समज येईल असं समजू नका. एखादी गोष्ट का करायची, हे तिथून जुळवायला फार वेळ जातो. त्यासाठीच पुस्तक लागतं.

एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेटच्या गाइडबुकांबद्दल थोडक्यात: सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची परीक्षा १३० मिनिटांत ६५ प्रश्नांची, १००० पैकी ७२० ला पास. तिची अधिकृत एक्झाम गाइड फुकट मिळते आणि अभ्यासक्रम म्हणून ती उत्तम आहे. नुसते प्रश्नसंच घोकलेली मुलं पर्याय ओळखतात, पण समोर बंद पडलेला सर्व्हर आला की त्यांना सुचत नाही. विकतचे व्हिडिओ कोर्स घ्यायचे तर क्लाउड-नाइनवर (एडब्ल्यूएसचा ब्राउझरमधला कोड एडिटर) सगळा सराव असलेले टाळा. जुलै २०२४ पासून नव्या ग्राहकांना ते मिळत नाही.

पुण्याला अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विटिग बंधूंच्याच पुस्तकाची २०१८ ची दुसरी आवृत्ती स्वस्तात दिसली, तरी घेऊ नका. आवृत्तीचा आकडा मुखपृष्ठावरच असतो, तो बघून तिसरीच मागा.