माळ घालावी, की रविवारचा वाटा आटोक्यात ठेवावा?

तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान (मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, पूर्वमधुमेह) आला की पुणे जिल्ह्यातल्या गावांत दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, माळ घालून मटण कायमचे सोडा. दुसरा, रविवारचा मटणाचा वाटा चालू द्या, पण हात आखडता घ्या. मी पुण्यात राहतो, नातेवाईक पुरंदर तालुक्यात आहेत आणि या दोन्ही मार्गांनी मी चालून पाहिले आहे. भक्तीने माळ घालणाऱ्यांना हा आढावा लागू नाही. केवळ साखरेच्या काळजीने ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यापुरतेच हे लिहीत आहे.

मटण सोडण्याच्या बाजूने पुरावा आहे, हे आधी मान्य करायला हवे. २० देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार प्रौढांची माहिती एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, रोज १०० ग्रॅम लाल मांस खाण्याशी मधुमेहाचा सुमारे १० टक्के अधिक धोका जोडलेला आढळला. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या बाबतीत रोज ५० ग्रॅमलाच तो १५ टक्के होता. मात्र आपल्या गावांत मटण आठवड्यातून एकदा शिजते, पुष्कळ घरांत तेवढेही नाही. तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील पूर्वमधुमेहाचे प्रमाण १५.२ टक्के, म्हणजे शहरांच्या १५.४ टक्क्यांच्या जवळपास बरोबरीचे आहे. भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, हे लक्षात घेतले तर संशय मटणाआधी भाताच्या ढिगावर जायला हवा, असे मला वाटते.

अर्थात वाट्याचे मटणही निर्दोष नाही. शेजाऱ्यांनी मिळून बोकड कापला की वाटा ठरलेला असतो, तो अर्धा मागता येत नाही, आणि घरी आणल्यावर त्याच दिवशी संपवण्याकडे कल असतो. शिवाय चार फोडींच्या मागे रश्श्यासाठी भाकरी आणि भाकरीमागून भात येतोच. मला जेवणानंतर येणारी सुस्ती या भाताची होती, असा माझा अनुभव आहे. भात वगळून जेवलो की ती येत नसे.

मटण पूर्ण बंद केल्यावर जो त्रास झाला, त्याची मात्र मी कल्पना केली नव्हती. गावाकडे मांसाहारी पाहुण्याला रस्सा-भाकरी वाढतात, पण ‘हे आता खात नाहीत’ असे कळले की यजमानीणबाईंना अपुरे वाटू लागते आणि त्या गोड करतात. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड नाहीतर शिरा, वर मसालेभात, आणि ‘काहीच घेतलं नाही तुम्ही’ म्हणून आणखी एक वाढणे. नाही म्हणावे तर त्या माउलीचा अपमान होतो. साखरेसाठी मटण सोडलेल्या माणसाच्या ताटात घरोघरी साखरच येऊन पडावी, याचा मला इतका वैताग आला की माझा निर्णय बराचसा तिथेच झाला. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हा त्याच दुखण्याचा धाकटा भाऊ.

दुसरी बाब ब-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बहुसंख्य गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक दिसला. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही ब-१२ घटू शकते. त्यामुळे सर्वस्वी शाकाहारी होणाऱ्याने दूध-दही नियमित घ्यावे, ब-१२ तपासून घ्यावे आणि मटणाची जागा भाताला न देता मटकी, हुलगा, हरभरा यांना द्यावी. एवढे ज्याच्या घरी सांभाळले जाते, त्याला माळेचा मार्गही उत्तम आहे.

माझ्यापुरते म्हणाल तर रोज उसळ, अधूनमधून अंडी, आणि मटण जत्रेला किंवा लग्नकार्यात, तेही भाताशिवाय, हा मधला मार्ग मला मानवला. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गावी निघताना मी फोनवर ‘वहिनी, अंडं चालतं मला, गोडाचं काही करू नका’ एवढे आधीच सांगून ठेवतो. अंड्याचा रस्सा झटपट होतो, वहिनींचे समाधान होते आणि शिऱ्याची कढई चुलीवर चढत नाही.