इन्स्टॉलेशन डीव्हीडी स्वतः राइट करणं: काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत

नागपुरात मानेवाड्याच्या एका अभ्यासिकेत देणगीतून आलेले जुने डेस्कटॉप आहेत, ते मी सांभाळतो. उन्हाळ्यापासून त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं काम सुरू आहे आणि जवळपास सगळं मी डीव्हीडीवरून केलं. आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) उतरवायची, तपासायची, कोऱ्या डिस्कवर राइट करायची. पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कशाला, असं बर्डीवरच्या दुकानात मला ऐकवलं गेलं. माझं मत उलट आहे. मशीन जुनं असेल आणि ड्राइव्ह धड असेल, तर आजही यापेक्षा भरवशाचं साधन मला मिळालेलं नाही.

या मशीनांचा बायोस, म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून कधी बूट होतो (सिस्टीम सुरू करतो), कधी नुसता काळा पडदा दाखवतो. डीव्हीडी मात्र ती निमूट वाचतात. सीडीवरून बूट कसं व्हायचं याचा एल टोरिटो नावाचा नियम 1995 पासून ठरलेला आहे, आणि तेव्हापासूनचे बायोस तो पाळत आले आहेत. डिस्कवरची पहिली 16 सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) मोकळी सोडलेली असतात, त्यांच्या पुढे बूटची नोंद असते, बायोस थेट तिथे जातो. आजच्या लिनक्स आयएसओंमध्ये त्याच मोकळ्या जागेत हार्ड डिस्कसारखा बूट कोडही भरलेला असतो, म्हणून तीच फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तरी चालते. विंडोजच्या आयएसओत ही सोय नसते, तिथे पेनड्राइव्ह तयार करून देणारा रूफससारखा प्रोग्राम लागतो.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. अभ्यासिकेतल्या प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह असतो आणि तो प्रवेशपत्राच्या प्रिंटसाठी रोज कुठल्या ना कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात लागतो. तिथून काय काय चिकटून येतं ते सांगायला नको. डीव्हीडी-आर ही एकदाच राइट होणारी डिस्क, आणि राइट करून बंद (फायनलाइझ) केलेल्या डीव्हीडी-आरवर व्हायरसला एक अक्षरही लिहिता येत नाही. ज्या पोरांचे फॉर्म आणि नोट्स या मशीनांवर आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता अडचण, आणि ती खरी आहे: जागा. पाकिटावर 4.7 जीबी छापलेलं असतं, पण विंडोज तीच डिस्क सुमारे 4.38 जीबीची दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून थेट मिळणारी विंडोज 10 किंवा 11 ची 64 बिट आयएसओ 5 जीबीच्या वर जाते, अलीकडचा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) तोही मावत नाही. त्यासाठी 8.5 जीबीची ड्युअल लेअर डिस्क लागते आणि जुने ड्राइव्ह तिच्यावर फार अडखळतात. मी त्या वाटेला जात नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती 3 जीबीच्या आसपास असते, ती आरामात बसते. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची नेटइन्स्ट ही छोटी आयएसओ तर 1 जीबीच्याही आत आहे, फक्त इन्स्टॉल करताना इंटरनेट लागतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच मराठी निवडता येते, हे पाहून पोरांना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. 32 बिटच्या मशीनसाठी डेबियन 12 किंवा अँटीएक्स हा हलका लिनक्स घ्या, डेबियन 13 पासून 32 बिटचा इन्स्टॉलर बंद झाला आहे.

सगळ्यात जास्त जीव ओतावा असा टप्पा म्हणजे तपासणी, आणि लोक नेमका तोच गाळतात. आयएसओसोबत एसएचए256 ची 64 अक्षरांची ओळ, म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, दिलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल ही विंडोजमधलीच आज्ञा एसएचए256 सांगून चालवली की आपल्या फाइलची ओळ निघते. दोन्ही अक्षरशः जुळल्या पाहिजेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एवढी मोठी फाइल उतरवताना नेट मधेच तुटतं, फाइल दिसायला पूर्ण असते आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर बंद पडतं. मग दोष हार्ड डिस्कला दिला जातो. राइट झाल्यावरही विंडोजच्या बर्नरमधली व्हेरिफायची खूण ठेवाच, ती वेळ वाया जात नाही. मिंटच्या बूट मेनूतही डिस्क तपासायचा पर्याय आहे.

बर्नर कोणता? विंडोज 7 पासून आयएसओवर राइट क्लिक करून डिस्क राइट करायची सोय विंडोजमध्येच आहे आणि नव्या माणसाला ती पुरते. मला इमेजबर्न (ImgBurn) आवडतो. त्याची शेवटची आवृत्ती 2013 ची असली तरी वेग निवडता येतो आणि चूक कुठे झाली ते नीट कळतं. लिनक्सवर केथ्रीबी किंवा ब्रासेरो. फाइल नुसती ओढून डिस्कवर टाकली तर बूट होत नाही. डिस्क उघडल्यावर आत एकटी आयएसओ दिसली तर ती वाया गेली समजा. आत फोल्डर दिसले पाहिजेत, मिंटच्या डिस्कवर कॅस्पर नावाचा असतोच.

16 एक्सची डिस्क मी 8 एक्सवर राइट करतो (एक्स म्हणजे राइट करायच्या वेगाची पट). 4 एक्सवर पूर्ण भरायला साधारण 15 मिनिटं जातात आणि निकालात मला फरक दिसला नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू झाले की व्होल्टेज खालीवर होतं, लाईनही जाते, आणि मधेच थांबलेली डीव्हीडी-आर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून राइटिंग लॅपटॉपवरच, बॅटरी भरलेली ठेवून. ड्राइव्हच्या लेन्सवरची धूळही उन्हाळ्यात मधून मधून साफ करावी लागते.

वेगात डीव्हीडी हरते, यात वाद नाही. लाइव्ह सेशन, म्हणजे इन्स्टॉल न करता डिस्कवरूनच सिस्टीम चालवणं, तर इतकं रेंगाळतं की आधी वापरून बघू म्हणणाऱ्याचा धीर सुटतो, त्यामुळे मी सरळ इन्स्टॉललाच हात घालतो. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्राम) असलेल्या नव्या लॅपटॉपसाठी मी स्वतः व्हेंटॉय वापरतो: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, बूट करताना यादीतून निवडायची. फार चांगलं साधन आहे. आणि मशीन जुनं, पण डिस्कवर मावणार नाही अशी सिस्टीम टाकायचीच असेल, तर प्लॉप बूट मॅनेजरची छोटी सीडी राइट करा. ती सुरू होऊन पुढचं काम पेनड्राइव्हकडे सोपवते.

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या आमच्या मशीनांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्यांच्यावर आता मिंट 22 जातंय, त्याला 2029 पर्यंत अपडेट आहेत.

राइट झालेल्या डिस्कवर चिकटणारं लेबल लावू नका, तोल जाऊन ती ड्राइव्हमध्ये थरथरते. मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने सिस्टीमचं नाव, आवृत्ती आणि 32 की 64 बिट एवढं लिहा. आतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, बंद कपाटात ठेवा.