आठ गुणांचा हिशेब: मानसिक आजारासाठीच्या यूडीआयडी कार्डाचं परीक्षण

सोलापुरात ‘अपंगाचा दाखला’ म्हटलं की अजून कुबडी नाहीतर तीनचाकी सायकल डोळ्यांपुढे येते. पंधरा वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, पण हा दाखला आपल्यालाही मिळतो याचा घरात पत्ता नाही, अशी गत सर्रास दिसते. म्हणून हे परीक्षण यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या आणि दाखल्याच्या, फक्त मानसिक आजारासाठीच्या अर्जाचं. हाडाच्या किंवा डोळ्याच्या अर्जाला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

अर्ज फुकट आहे. ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्ता भरायचा, अपंगत्वाचा प्रकार आणि तपासणीचं सरकारी रुग्णालय निवडायचं, नोंदणी क्रमांक जपून ठेवायचा. बोलावणं आलं की मूळ कागद घेऊन जायचं. कार्ड मंजूर झाल्यावर ते पोर्टलवरून उतरवूनही घेता येतं, पोस्टाची वाट बघत बसायची गरज नाही. पांढरं कार्ड ४० टक्क्यांच्या आत, पिवळं ४० ते ८०, निळं त्यावर.

पहिली गफलत प्रकार निवडतानाच होते. यादीत ‘मानसिक आजार’ वेगळा आणि ‘बौद्धिक अक्षमता’ वेगळी. आपल्या बोलण्यात दोन्हीला ‘डोक्याने कमी’ म्हणून मोकळे होतात, आणि फॉर्म भरून देणाराही तेच ऐकून खूण करतो. मग पेशंट चुकीच्या तपासणीला जातो. बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी असते, तिचा मानसिक आजाराशी काही संबंध नाही. एक चक्कर वाया.

दोष एकट्या फॉर्म भरणाऱ्याचा नाही. ही सरमिसळ कायद्यातच होती. १९१२ च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टने जन्मतः मंदबुद्धी माणूस आणि पुढे वेड लागलेला माणूस एकाच व्याख्येत कोंबले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्यातून बाहेर काढलं. तरी २००१ च्या जनगणनेत ‘मानसिक’ असा एकच रकाना होता, दोन रकाने झाले ते २०११ मध्ये. त्याही मागे गेलं तर इंग्रजांच्या जनगणनेत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चारच ‘व्यंगां’चे प्रकार मोजत. (त्याच्या कितीतरी आधी महानुभाव पंथातले संतपुरुष, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, यांना लोक वेडाही म्हणत आणि त्यांच्या पायाही पडत. तो हिशेब कुठल्याच रकान्यात बसला नसता.)

आता खरी गोम, टक्केवारी. पाय किती वाकतो हे मोजता येतं, मन कसं मोजायचं? त्यासाठी भारतीय मानसोपचार संघटनेच्या समितीने ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी तयार केली, ती २००२ पासून चालते. चार बाबी: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. आजाराच्या कालावधीचे आणखी ४ पर्यंत. एकूण २०. आठ गुण झाले की ४० टक्क्यांची रेघ ओलांडली, आणि बहुतेक सवलती त्या रेघेपलीकडेच आहेत.

हे गुण निदानावर मिळत नाहीत. फाइलवर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिलंय म्हणून चाळीस टक्के, असं होत नाही. रोजच्या जगण्यात काय अडतं ते पेशंटला सांभाळणाऱ्या माणसाला विचारतात, त्यावर गुण ठरतात. इथेच बहुतेक घरं मार खातात. तपासणीच्या दिवशी पेशंटला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून नेतात आणि डॉक्टरांनी विचारलं की लाजेपायी म्हणतात, “सगळं करतो की, फक्त जरा गप्प असतो.” सहा गुण. पांढरं कार्ड.

वाढवून सांगू नका, पण मोजून सांगा. विडी वळणारी बाई असेल तर ‘काम होत नाही’ एवढ्याने भागत नाही. आधी दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता दोनशे होतात, पान कापून ठेवते आणि तंबाखू भरायचं विसरते, कारखान्यात माल द्यायला सून जाते, असं सांगावं. मागावरचा कामगार असेल तर तुटलेला धागा जोडायला किती वेळ नुसता उभा राहतो, महिन्यात किती खाडे झाले, ते. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, शेवटचं लग्न कुठलं अटेंड केलं, पैसे मोजता येतात का. आठवडाभर वहीत टिपून न्या. दोन वर्षांतले ओपीडीचे कागद तारखेने लावा, कारण कालावधीचे गुण त्यावरूनच ठरतात.

दुसरी अडचण खास इथली. तेलुगू-कन्नड घरांत आडनाव कधी पुढे, कधी मागे, वडिलांचं नाव एका कागदावर अक्षर घालून तर दुसऱ्यावर पूर्ण. आधार आणि ओपीडीचे कागद जुळले नाहीत की अर्ज अडतो. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज.

मुदतीबाबत सेवा मागे गेली आहे. २०१७ च्या नियमांत दाखला एका महिन्यात द्यायचा होता, २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने केले. टक्केवारी मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येतं.

कार्ड हातात आल्यावर काय? जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्या पालकाला आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. सरकारी नोकरीतल्या आरक्षणात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही जागा दिली. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारांच्या यादीत तो होता, पण नोकरीच्या तीन टक्के आरक्षणात नव्हता, म्हणजे पंगतीला बसवून ताट न वाढण्यातला प्रकार. रेल्वेत मात्र अजून तेच. दिव्यांगांच्या भाडेसवलतीचे चार गट आहेत: सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, तसेच मतिमंद, पूर्ण अंध आणि पूर्ण मूकबधिर. मानसिक आजार त्यात नाही. सोलापूर स्टेशनच्या खिडकीवर कार्ड दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही, तिथल्या कारकुनाच्या हातात ते नाही. ‘निरामय’ आरोग्य विम्याचंही तेच, तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या चार प्रकारांपुरता.

पाचपैकी तीन तारे. एक तारा मुदत लांबवल्याबद्दल कापला, एक पोर्टलवरच्या यादीबद्दल: दोन प्रकारांतला फरक समजावणारी मराठीत दोन ओळींची टीप तिथे असती तर अर्धे हेलपाटे वाचले असते. दाखला तात्पुरता मिळाला असेल तर त्यावरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि नव्या तपासणीचा अर्ज तीन महिने आधी टाका.