खाडीपुलावर जीएनएसएस रिसीव्हर: आठ महिने वापरल्यावर

कोकणातल्या एका खाडीपुलावर पुलाची हालचाल मोजायला गणपती उरकल्यावर आम्ही जीएनएसएसचे, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा काढणारे, दोन ड्युअल फ्रिक्वेन्सी (दोन लहरींवर ऐकणारे) रिसीव्हर बसवले. बेस (न हलणारा, संदर्भाचा) किनाऱ्यावरच्या कातळात, रोव्हर (ज्याची हालचाल मोजायची तो) डेकच्या, म्हणजे पुलावरच्या रस्त्याच्या, कठड्यावर. आता मे उजाडलाय.

ट्रक गेल्यावर गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) किती वाकतो हे बघायला घेत असाल तर घेऊच नका. आमचा गाळा भरलेल्या डंपरखाली तीन-चार मिलिमीटर दबतो आणि उंचीचा आकडा नुसत्या उभ्या उभ्या त्याच्या कितीतरी पट हेलकावतो. उंचीचं माप आडव्यापेक्षा दीड-दोन पट कच्चं येतं, कारण सगळे उपग्रह वरच्या अंगाला, पायाखाली एकही नाही. इंग्लंडमधल्या हंबरसारख्या १४१० मीटर गाळ्याच्या झुलत्या पुलाची गोष्ट निराळी, तिथे हालचालच मोठी असते.

संथ हालचालीला मात्र हे यंत्र सोनं आहे. स्थिर बेअरिंगपासून (जिथे डेक खांबावर जखडलेला असतो) आमचा रोव्हर १५० मीटरवर. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत डेक १२ अंशांनी तापला, म्हणजे हिशेबाने १८ मिलिमीटर. तासातासाची सरासरी काढल्यावर आलेख १६-१७ दाखवत होता. एक्सपान्शन जॉइंट (डेकला वाढायला ठेवलेली फट) मोकळा आहे, हे त्यावरून कळलं.

पण पहिल्याच महिन्यात आम्ही फसलो होतो. रोज सकाळी पावणेदहाच्या सुमारास आलेखात आठ मिलिमीटरचा उंचवटा. कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे एसटी. पंधरा दिवसांनी पाहिलं तर उंचवटा पावणेनऊला! एसटी उशिरा येते हो, पण रोज चार मिनिटं लवकर? तिथेच ट्यूब पेटली. जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा त्याच जागी दिसतात. म्हणजे पूल हलतच नव्हता. शेजारच्या दिशादर्शक फलकाच्या लोखंडी कमानीवरून सिग्नल परतून अँटेनात शिरत होता. मल्टिपाथ. अँटेना कमानीपासून लांब नेऊन उंच दांड्यावर चढवला आणि उंचवटा जवळजवळ गेला. त्यामुळे जागा निवडायला दोन दिवस जास्त द्या, रिसीव्हर थोडा स्वस्तातला घेतला तरी चालेल.

ऑक्टोबर आणि मार्चमध्ये सूर्यास्तानंतर काही संध्याकाळी फिक्स (रिसीव्हरने पक्कं धरलेलं स्थान) सुटायचा. आपल्या अक्षांशांवर या दिवसांत आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं, सिग्नल थरथरतो. संध्याकाळी सात ते मध्यरात्रीच्या आकड्यांवरून धोक्याचा इशारा वाजवायचा नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

आणि कावळे! अँटेनाच्या घुमटीवर बसून ते जे करून ठेवतात ते पुसायला आमचे वॉचमन मामा शिडी घेऊन चढतात. काटे लावले, तर कावळा काट्यांच्या मधोमध बसला.

आठवडाभराच्या ढगांत सोलर पॅनेल बॅटरीला कितपत पुरतं, ते जूनमध्ये कळेल. तोवर टोटल स्टेशनचे (दुर्बिणीने कोन-अंतर मोजणाऱ्या जुन्या यंत्राचे) प्रिझम खांबांवरून काढलेले नाहीत.