कोबिल्डचा फ्रेझल व्हर्ब्ज कोश: शेवटची पानं आधी उघडा

दिवाळीच्या आसपास अप्पा बळवंत चौकातून कॉलिन्स कोबिल्डचा फ्रेझल व्हर्ब्जचा, म्हणजे साध्या क्रियापदाला अप, ऑफसारखा छोटा शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या जोड्यांचा, इंग्रजी कोश जुन्यात घेतला. 1989ची आवृत्ती, कडा पिवळ्या पडलेल्या. आता पावसाळा लागलाय आणि कोश अजून ऑफिसच्या टेबलावरच आहे. इंग्लंडमधल्या क्लायंटचे हिशेब सांभाळणं हे माझं काम, म्हणजे दिवसभर मेल. त्यात अवघड शब्द फारसे नसतातच. गेट, पुट, टेक, ब्रिंग असले साधेच असतात आणि तेच दगा देतात.

आधी मोबाइलवर मराठी अर्थ देणारं एक अ‍ॅप होतं. त्यात ‘पुट अप’समोर पाहुण्याला ठेवून घेणं, तंबू ठोकणं, भाव वाढवणं, सगळं एका ओळीत. कुठला अर्थ कुठे लागू, याचा पत्ता नाही. कोबिल्ड अर्थ पूर्ण वाक्यात देतो: तुम्ही कुणाला ‘पुट अप’ करता म्हणजे त्याला आपल्या घरी मुक्कामाला ठेवता, या धर्तीवर. कर्म माणूस आहे की वस्तू, हे अर्थ वाचतानाच कळतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने 1987च्या पहिल्या कोबिल्ड कोशात ही पद्धत आणली. उदाहरणं प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या संग्रहावर बेतलेली. पानाच्या समासात वाक्यरचनाही दिलेली असते, त्यामुळे ‘टर्न इट डाउन’ चालतं पण ‘लुक इट आफ्टर’ चालत नाही, हे हळूहळू अंगवळणी पडतं.

पण पैसे वसूल होतात ते शेवटच्या पानांवर. तिथे अप, ऑफ, आउट, ऑन यांची वेगळी सूची आहे, अर्थाच्या गटांनुसार. ‘इट अप’, ‘यूज अप’मधला अप काम पूर्ण संपवतो, ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’मधला ऑन ते चालू ठेवतो. आपण हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो: खाऊन टाक, बोलत राहा. (‘करून बसला’मधली हळहळ मात्र इंग्रजीच्या कुठल्याच शेपटात मला अजून सापडलेली नाही.) सगळंच गटात बसत नाही म्हणा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे पाठच करावं लागतं.

मराठी डोकं खरं अडखळतं ते तारखांपाशी. मीटिंग ‘पुश बॅक’ झाली म्हणजे आपल्या भाषेत पुढे ढकलली, आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’ झाली म्हणजे अलीकडे आली. नेमकं उलटं! त्यात आम्ही हिशेबवाले ‘ब्रॉट फॉरवर्ड’ रोज लिहितो, पण तिथे ती मागच्या पानावरची बाकी असते. टीममध्ये कुणी नवीन आलं की ही जोडी मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

वाक्प्रचारांसाठी मात्र हा कोश नाही. ‘बॉलपार्क फिगर’ (ढोबळ आकडा), ‘टच बेस’ (थोडक्यात संपर्क साधणं) यांना दुसरा कोश लागतो. बेसबॉलवरून आलेले आपल्याला परकेच. ‘स्टिकी विकेट’ (अडचणीची परिस्थिती) क्रिकेटमुळे लगेच उमगतं.

मराठी अर्थ हवेच असतील, किंवा परवाच्या परीक्षेसाठी यादी पाठ करायची असेल, तर हा घेऊ नका. इंग्रजी वाक्य वाचता येतं पण मेलचा रोख निसटतो, अशांनी जरूर घ्यावा. नवी आवृत्ती परवडली तर उत्तम, नाहीतर जुनीही बरीच वर्षं पुरेल.